पुढचे सारे घरगुती

सकपाळांच्या घरात साठ वर्षे भोपळा शिजला नव्हता.

मंडणगडाहून बाणकोटला जाणाऱ्या रस्त्यापासून दोन पऱ्हे, म्हणजे ओढे, ओलांडून आत गेले की त्यांची वाडी लागते. भाद्रपदात तिथल्या प्रत्येक गोठ्याच्या छपरावर तांबडे भोपळे लोळत असतात, आणि गौरीच्या नैवेद्यापासून पितरांच्या पानापर्यंत भोपळ्यावाचून कोणाचे भागत नाही. सकपाळांच्या परसात मात्र भोपळ्याचा वेल चुकून उगवला, तरी गंगाकाकी तो मुळासकट उपटून दगडी गडग्यापलीकडे भिरकावून देत. कारण विचारले तर "मला सोसत नाय," एवढेच सांगत. इतरांना तो सोसतो की नाही, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने गैरलागू होता. त्यांचे पुतणे श्रीपती गुरुजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, ग्रामपंचायतीत दबदबा असलेले गृहस्थ. पण भोपळ्याचे घारगे खाण्यासाठी त्यांना शेजारच्या बाबल्याकडे जावे लागे. परत आल्यावर विकासकामांवर चर्चा होती असे ते सांगत, आणि ओठाला लागलेले तूप पुसायला बहुधा विसरत.

त्या घराची दुसरी अडचण कावळ्याची होती. गंगाकाकींचे यजमान भिकाजी सकपाळ दुसऱ्या महायुद्धात गेले. शस्त्राने मेलेल्यांसाठी पितृपक्षात घातचतुर्दशी राखलेली असते, म्हणून त्या दिवशी भिकाजींचा म्हाळ होई आणि त्यांचे पान अंगणातल्या गडग्यावर ठेवले जाई. सत्तावन्न वर्षांत एकाही कावळ्याने त्या पानाला चोच लावली नव्हती. वाडीतले कावळे एरवी काही मानी नव्हते. बाबल्याच्या बापाचे पान तर ते ठेवणाऱ्याच्या हातातूनच ओढून नेत. मृताची एखादी इच्छा राहिली असली, की ती पुरी करण्याचा शब्द द्यावा लागतो, मग कावळा शिवतो, असे म्हणतात. सकपाळांनी शब्द देण्यात कधी कसूर केली नाही. एका वर्षी श्रीपतीला शिकवू असे कबूल झाले, एका वर्षी विहीर खणू असे ठरले, एका वर्षी कोणा चुलत दिराने दारू सोडण्याची शपथ घेतली. श्रीपती शिकले, विहिरीला पाणी लागले. दारू काही सुटली नाही. घराची जी काही प्रगती झाली ती कावळ्याच्या हट्टामुळे झाली, असे बाबल्या म्हणे. पान शेवटी गाईपुढे जाई.

हे सारे चाललेले असताना गंगाकाकी मागच्या दारात उभ्या राहून काहीतरी पुटपुटत. काय पुटपुटतात, हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. खरे तर त्या माफी मागत.

सन १९४०च्या भाद्रपदात त्या सतरा वर्षांच्या होत्या. गोठ्यावर भोपळ्यांचे असे पीक आले होते की सलग नऊ दिवस घरात दुसरी भाजी झाली नाही. नवव्या दिवशी भिकाजींनी ताट अंगणात फेकले आणि "ह्या भोपळ्यापेक्षा पलटण बरी," असे म्हणाले. गंगाकाकी चुलीसमोरून म्हणाल्या, "मग जावा की पलटणीत." ते गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे बाणकोटच्या बंदरावरून मचव्यात बसून ते मुंबईला गेले, तिथून बेळगावला, आणि तिथून कुठल्या कुठे. काकी निरोप द्यायला उठल्याही नाहीत. जाग असून पडून राहिल्या.

त्रेचाळीस साली एक पत्र आले. दोन्ही बाजूंनी भाताच्या लावणीसारखी दाट अक्षरे होती. थोरले दीर विठूदादा, म्हणजे श्रीपती गुरुजींचे वडील, ते घेऊन ओटीवर बसले, आणि काकी दाराआड उभ्या राहिल्या. विठूदादांनी वाचले: मी खुशाल आहे, थोरामोठ्यांना नमस्कार, काळजी करू नये. मग त्यांनी चष्म्यावरून दाराकडे पाहिले, "पुढचं सारं घरगुती आहे," असे म्हणून कागदाची घडी घातली. महिनाभराने इंग्रजी तार आली. ती विठूदादांनी मंडणगडला जाऊन कोणाकडून तरी वाचून घेतली आणि परत आल्यावर एवढेच सांगितले, की भिकाजी लढाईत गेला.

काकींनी पत्र मागून घेतले, तार त्यातच गुंडाळली, आणि ते खणाच्या तुकड्यात बांधून पेटीच्या तळाशी ठेवले. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेणे अशक्य नव्हते. वाडीत शाळा आली, घरात शिक्षक झाला. पण काकींचा हिशोब सरळ होता. जे भावाने वाचले नाही ते बायकोबद्दलच असणार, आणि ताट फेकून गेलेला माणूस बायकोबद्दल चांगले काय लिहिणार? शेवटी भांडण हेच घरगुती असते. भोपळा तर त्यांनी भिकाजी पलटणीत गेले त्या दिवसापासूनच सोडला होता; आता कावळा दर वर्षी त्यांची शंका पक्की करून उडून जाऊ लागला.

कारगिलच्या लढाईनंतर, म्हणजे सन २०००च्या पावसाळ्यात, श्रीपती गुरुजींना कावळ्याचे कोडे सुटल्यासारखे वाटले. काकांना स्मारक हवे आहे! काका गेले तेव्हा गुरुजी दोन वर्षांचे होते, तरी त्यांच्या पराक्रमाची त्यांना उत्तम आठवण होती. भाषणांत काकांनी मारलेले शत्रू पासष्ट साली तीन होते, एकाहत्तरनंतर पाच झाले, आणि कारगिलनंतर अकरा. वाडीच्या तोंडाशी चिऱ्यांची कमान उभी राहिली. "रणांगणावर शत्रूशी झुंजताना वीरगती पावलेले शिपाई भिकाजी सकपाळ" अशी संगमरवरी लादी महाडहून कोरून आली. उद्घाटन घातचतुर्दशीच्या सकाळी ठरले.

"पण गुरुजी, पितृपक्षात?" बाबल्या म्हणाला. गिरणीत तीस वर्षे काढून आलेला हा म्हातारा सकपाळांच्या ओटीवर रोज तंबाखू मळायला येई. "लोक नवी चप्पल घालीत नाहीत ह्या दिवसांत."

"ज्याची कमान आहे तो पितरच आहे, बाबल्या. त्याची सोय बघू की तुझ्या चपलेची?"

अडले ते कागदावर. ठरावाला जोडायला काहीतरी लेखी पुरावा हवा, असे पंचायतीत निघाले. उद्घाटनाला तीन दिवस उरले असताना गुरुजी काकींकडे गेले.

"काकी, ते पत्र दे. गावाच्या कामाचं आहे."

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपात तसाच राहिला. "कशाला उकरतोस रे ते?"

"उकरत नाय, गौरव करतोय."

काकी उठल्या, आत गेल्या, आणि पेटीचे झाकण करकरले. बाहेर येऊन त्यांनी ती पुरचुंडी गुरुजींच्या हातात न देता त्यांच्या सुनेच्या हातात ठेवली. शमिका वाडीच्याच शाळेत शिक्षिका होती. माहेर मालगुंडचे, लग्न गेल्या वैशाखातले. या घरात काय वाचायचे असते आणि काय गाळायचे असते, हे तिला अजून कोणी सांगितलेले नव्हते.

"तुझ्या सासऱ्याच्या कामाचं असेल तेवढं वाच गो," काकी म्हणाल्या आणि दाराआड उभ्या राहिल्या. सत्तावन्न वर्षांपूर्वी उभ्या होत्या, तिथेच.

शमिकेने घड्या अलगद उलगडल्या. "तीर्थस्वरूप विठूदादा यांस धाकटा बंधू भिकाजी याचा शिरसाष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे. थोरामोठ्यांस नमस्कार सांगावा. काळजी करू नये."

"वा!" गुरुजी म्हणाले. "शिपायाची भाषा. पुढे."

"मी हल्ली इटली देशात कैदी आहे."

बाबल्याचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. शमिका वाचत राहिली, कारण वाक्य तिथे संपत असले तरी परिच्छेद संपत नव्हता. "आमची तुकडी वाळवंटात घेरली गेली. साहेबाने शरण जायचे ठरवून पांढरे कापड मागितले. वाळवंटात तीन महिने काढल्यावर पांढरे असे कोणाचेच काही राहत नाही. माझा गंजीफ्रॉक त्यातल्या त्यात बरा होता, कारण मी तो त्याच दिवशी धुतला होता. तो काठीला बांधला. पुढे मी तो मागितला, पण परत मिळाला नाही."

बाबल्याला ठसका लागला. "अकरा शत्रू, गुरुजी! आणि गंजी एक!"

"पुरे!" गुरुजी उठले आणि त्यांनी पत्रासाठी हात पुढे केला. "बस झालं, शमिका. पुढचं सारं घरगुती आहे."

दाराआडून काकी बाहेर आल्या. ओटीवर पुरुषमाणसे बसलेली असताना त्या उंबऱ्याबाहेर येत नसत; सत्त्याहत्तराव्या वर्षीही त्यांनी तो रिवाज मोडला नव्हता. आता त्या थेट शमिकेच्या शेजारी येऊन बसल्या.

"तुझा बापूस हेच बोल्ला होता रे, श्रीपती. ह्याच शब्दांत. आणि घडी घातलीन."

"काकी, समजून घे. लादी कोरून आलीय. पाहुणे येणार. आपल्या गावात कैदी म्हटलं की पहिला प्रश्न काय विचारतात? काय चोरलान? आमच्या आबांनी काही उगीच नाय लपवलं."

"त्यांनी लपवलान ते गावापासून. मला कशाला वगळलान? घरगुती म्हणजे कोण? भिंती? त्या घरातली आता मी एकटी उरलेय." त्यांनी शमिकेच्या मनगटावर हात ठेवला. "वाच. शिव्या असल्या तरी वाच. गाळू नको."

शमिकेने सासऱ्यांकडे पाहिले. त्यांचा हात अजून पुढेच होता. "मामा, धडा अर्धा सोडायचा नाही, असं तुम्हीच शाळेत सांगून गेलात ना?" ती हळूच म्हणाली, आणि तिने पान उलटले.

"घरात सांगणे की भोपळ्याने मला येथेही गाठले. येथील लोक दोन्ही वेळा भोपळ्याचे पाणी देतात. त्यात मीठ नाही, मिरची नाही. पाच महिने झाले. येथे ताट फेकता येत नाही, कारण ताट नसते, डबा असतो, आणि तो फेकला तर दुसरा देत नाहीत. तिच्या भाजीत राईची फोडणी असे व वर ओले खोबरे असे, हे त्या नऊ दिवसांत माझ्या ध्यानात आले नाही. आता रोज येते."

काकींचे ओठ हलत होते. शमिका क्षणभर थांबली.

"वाच."

"तसेच घरात सांगणे की 'मग जावा पलटणीत' असे ती बोलली म्हणून मी गेलो असे तिला वाटत असेल, तर ते खरे नाही. मी आदल्या सोमवारीच मंडणगडला जाऊन नाव घालून आलो होतो. घरी सांगण्याची छाती होईना. म्हणून भांडण काढले. भोपळा केवळ समोर होता. निघताना ती जागी होती व झोपेचे सोंग करीत होती, हे मी पाहिले. मीही काही बोललो नाही. दादा, हे तिला जरूर सांगावे. मी आलो की पहिल्या दिवशी भोपळाच करावा. मुकाट्याने खाईन. दुसऱ्या दिवशी मात्र मासळी पाहिजे."

अंगणात गाय शेपटीने माश्या वारीत होती.

"कधी?" काकींनी विचारले.

"काय आजी?"

"नाव कधी घातलान?"

"आदल्या सोमवारी."

"तेवढंच परत वाच."

शमिकेने तेवढेच परत वाचले. काकी तीनदा ऐकून घेतल्याशिवाय थांबल्या नाहीत. मग त्यांनी पदराने तोंड पुसले. सगळ्यांना वाटले, आता त्या रडणार.

"लबाड मेला!" काकी म्हणाल्या. नवऱ्याचा एकेरी उल्लेख त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केला असावा. "सोमवारी नाव घालून आला, आणि शनिवारपर्यंत माझा भोपळा गिळत बसला! साठ वर्षं मी जिभेला लावला नाय. गौरीला लावला नाय. श्रीपती, तू घारगे खाऊन यायचास ते काय मला कळत नव्हतं? तुपाचा वास यायचा. मी बोलत नव्हते, कारण पाप माझं होतं." त्यांना दम लागला. "आणि होतं कोणाचं? ह्या माणसाचं!"

"गंगावैनी, माणूस केव्हाच मेला," बाबल्या समजुतीच्या सुरात म्हणाला.

"मग? मेला म्हणजे खरं बोलण्यातून सुटला?"

घडीतून निसटलेली तार शमिकेने उचलली होती. इंग्रजी चार ओळी होत्या. तिने आधी मनाशी वाचल्या. "आजी, यात लिहिलंय की ते जानेवारी महिन्यात गेले. छावणीत. न्यूमोनियाने."

"म्हंजे?"

"थंडीने. छातीत सर्दी साठून."

काकींनी तार आपल्या हातात घेतली. "गंजी कशाला दिलान मग," त्या म्हणाल्या, आणि या वेळी मात्र पदर डोळ्यांकडे गेला.

बाबल्याने तंबाखू तोंडात टाकला नाही. हातातच धरून तो विचार करीत होता. "म्हणजे शस्त्राने नाय. म्हणजे घातचतुर्दशी ह्यांची नव्हेच. गुरुजी, सत्तावन्न वर्षं तुम्ही माणसाला दुसऱ्याच्या तारखेला जेवायला बोलावताय, आणि दोष देताय कावळ्याला."

उद्घाटनाच्या दिवशी गुरुजींनी कमानीला झेंडूचा इतका जाड हार घातला, की लादीवरचे "रणांगणावर शत्रूशी झुंजताना" पूर्ण झाकले जावे. तीन दिवस ते कोणाशी धड बोलले नव्हते. तालुक्याचे पाहुणे आले, शाळेच्या मुलींनी स्वागतगीत म्हटले, आणि पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर गंगाकाकी ताठ बसल्या.

गुरुजी बोलायला उभे राहिले. "माझे काका कैलासवासी भिकाजी सकपाळ यांनी त्या धगधगत्या वाळवंटात एकट्याने अकरा..." एवढे बोलून त्यांनी समोर पाहिले. काकींनी काही खूण केली नाही. त्या फक्त ऐकत होत्या, गाळलेले ऐकू येते का, अशा चेहऱ्याने.

गुरुजींनी चष्मा काढला. "अकरा नाही," ते म्हणाले. "एक तरी मारला की नाही, हे मला ठाऊक नाही. ते शरण गेले. साहेबांनी कापड मागितलं, तेव्हा अंगातलं वस्त्र काढून दिलं. इटलीच्या कैदेत असताना त्यांना न्यूमोनिया झाला. माझ्या वडिलांना याची लाज वाटली, आणि परवापर्यंत मलाही वाटत होती."

मागून एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारले, आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात विचारले, "कैदेत? काय चोरलान?"

काकी खुर्चीतून वळल्या. "गंजी दिलान, रे भिकारड्या! चोरला नाय!"

हसण्याची अशी लाट उठली, की पाहुण्यांनाही आपण का हसतो ते न कळता हसावे लागले. गुरुजी हसले नाहीत. पण त्यांनी हार थोडा वर सरकवला. सगळी अक्षरे दिसू लागली. "ही लादी बदलावी लागेल," ते माईकवरच म्हणाले.

दुपारी म्हाळाचा स्वयंपाक काकींनी केला. बाबल्याने आपल्या गोठ्यावरचा सर्वांत मोठा भोपळा डोक्यावरून आणून दिला. अख्ख्या भोपळ्याला पहिला सुरा बाईने लावायचा नसतो, म्हणून गुरुजींना बोलावले. त्यांनी तो अशा उत्साहाने चिरला, की साठ वर्षांची उपासमार सर्वांना दिसली. पुढचे सगळे काकींनी एकटीने केले. राई तडतडली, लाल मिरची जळाली, खोबरे खवले गेले. शमिकेला त्यांनी चुलीजवळ येऊ दिले नाही.

पान गडग्यावर ठेवले. मधोमध भोपळा होता. आंब्याच्या फांदीवर एक कावळा येऊन बसला, मान वाकडी करून त्याने पाहिले, आणि तिथेच बसून राहिला. पाच मिनिटे गेली, मग दहा.

गुरुजींनी सवयीने हात जोडले. "काका, लादी बदलू. पुढच्या वर्षापासून तिथी पण..."

"गप रे," काकी म्हणाल्या. "लाच देऊ नको त्यांना." मग त्या आंब्याकडे पाहून बोलल्या, पुटपुटल्या नाहीत, सगळ्यांना ऐकू येईल असे बोलल्या. "जेवायचं तर जेवा. नसलं जेवायचं तर राहू दे. भांडायला नवं निमित्त काढू नका."

एवढे सांगून त्या पायरीवर आपले ताट घेऊन बसल्या.

"काकी!" गुरुजी दचकले. "पान शिवलं नाय अजून."

"माझं जेवण त्या कावळ्यावर अडवून ठेवलं तुम्ही लोकांनी. भाजी निवतेय."

त्यांनी भोपळ्याची फोड तोंडात घातली. दात थोडे होते, त्यामुळे वेळ लागला. गुरुजी, शमिका, बाबल्या असे तिघेही त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे होते. काकी चावायच्या थांबल्या. डोळे बारीक झाले. मग खांदे हलू लागले, आणि त्या हसत आहेत हे कळायला इतरांना थोडा वेळ लागला.

"काय झालं, आजी?"

"मीठ इसरलंय गो."

शमिका धावत जाऊन मिठाची वाटी घेऊन आली. काकींनी चिमूट घेतली, पण आपल्या ताटात टाकली नाही. गुडघ्यावर हात रोवून त्या उठल्या, अंगण ओलांडून गडग्याशी गेल्या, आणि पानातल्या भोपळ्यावर ते मीठ बोटांनी नीट सारखे पसरले. कावळा तोवर फांदीवरून गडग्यावर उतरला होता. त्या इतक्या जवळ आल्या म्हणून तो दोन पावले बाजूला सरकला. पण उडाला नाही.